मला हवी होती एक खुर्ची

...आणि वर हे मलाच विचारतायत, "मग खुर्ची कुठंय?" म्हणजे बघा, सहा आठवडे ज्या माणसानं मला खुर्ची घेऊ दिली नाही, तोच माणूस खांद्यावर आठ डझन हँगर लटकवून भर दुकानात मला विचारतोय, खुर्ची कुठंय म्हणून. काय सांगणार? थांबा, पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर तुम्ही मला दोष द्याल आणि माझा दोष नाहीये. म्हणजे, थोडा आहे. तो बटणांमुळे. ते येईल पुढे.

तर मला हवी होती एक खुर्ची. साधी गोष्ट. माणसानं दुकानात जावं, खुर्ची बघावी, पैसे द्यावेत आणि घरी यावं. माझ्यासाठी नव्हे हो, मला मेलीला दिवसभर शिलाई मशीनपुढून उठायला फुरसत नाही, मी खुर्चीत बसून काय राज्य करणार आहे? खुर्ची हवी होती सासऱ्यांसाठी. आता आमचे सासरे म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

अडतीस वर्षं सलून चालवलं त्यांनी. आता सलून म्हणजे काय, एक माणूस बसलेला आणि एक माणूस उभा, आणि ह्या अडतीस वर्षांत उभा कोण, तर आमचे सासरे. पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या, टाचा गेल्या, पण मान बघून माणूस ओळखतात. खरं सांगते. रस्त्यानं चाललेला माणूस पाठमोरा दिसला तरी म्हणणार, "हा बघ, हा दोन उशा घेऊन झोपतो." आणि झोपत असतो हो! मी एकाला विचारलंय. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी पाळत ठेवून आहे. मग एक दिवस बाबांचा हात थरथरायला लागला. थोडासाच, कप बशीत ठेवताना जरा वाजायचा इतकाच, पण हातात वस्तरा असलेल्या माणसाचा हात इतकाही थरथरून चालत नाही ना. गिऱ्हाइकं चांगली होती, तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त दाढी घरी करून यायला लागली. बाबांना काय कळत नाही? एका संध्याकाळी स्वतःच शटर ओढलं, किल्ली जागेच्या मालकाला दिली, आणि घरी येऊन म्हणाले, "झालं." एवढंच. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं ते पंधरा दिवस. सोळाव्या दिवसापासून ते माझ्या मशीनच्या मागं येऊन उभे राहायला लागले. माझं काम घरीच, पुढच्या खोलीत, बायकांचे कपडे, शाळेचे गणवेश, आणि खरं काम कधी होतं तर दुपारी, सगळं घर शांत असतं तेव्हा. तर दुपारी माझ्या मानेवर ह्यांचा श्वास. "सूनबाई, कात्री अशी धरतात? अंगठा आत घे." बरं, माझ्यावर थांबलं असतं तर सोसलं असतं. पण माप द्यायला बाई आली की हे पुढे. मी बाहीचं माप घेतेय आणि हे मागून तिची मान दोन बोटांनी हळूच खाली करतायत, "हं, जरा अशी... हललात तर काम बिघडेल." एका बाईला तर सांगितलं, तुमचा भांग चुकीच्या बाजूला आहे म्हणून चेहरा रुसल्यासारखा दिसतो. ती खरंच रुसली. परत आली नाही, कापडही घेऊन गेली.

आणि मग देवच पावला म्हणायचं. आम्ही एकदा बादली आणायला त्या मोठ्या दुकानात गेलो. ते हो, तीन मजली, ज्याच्या शाखा सगळीकडं आहेत, खाली भांडीकुंडी, मध्ये कापड, वर फर्निचर. बादली मिळाली आणि बाबा हरवले. शोधून शोधून दमलो, तर वरच्या मजल्यावर खिडकीजवळ एक चॉकलेटी रंगाची खुर्ची, ती मागं रेलायची, बाजूला दांडा असलेली, आणि तिच्यात आमचे बाबा, पाय वर, डोळे अर्धे मिटलेले. मला म्हणाले, "सूनबाई, लिव्हर बघ किती मऊ चालतोय. माझ्या दुकानातल्या खुर्चीचा असाच होता." झालं. त्या दिवसापासून रोज. जेवण झालं, हात पुसला, खांद्यावर नॅपकिन टाकला, की दीड वाजता बाहेर, ते सहाला परत. थंडगार हवा, समोर रस्ता, माणसांची ये-जा. दारावरचा वॉचमन सलाम करायचा, वरच्या मजल्यावरची विक्रेती मुलगी आजोबा आजोबा करायची, कुणी एका शब्दानं हटकलं नाही. सात वर्षं! सात वर्षं माझ्या दुपारी शांत गेल्या आणि बाबांच्या मजेत गेल्या, आणि ह्या सगळ्याला आम्हाला खर्च किती आला, तर एक बादली.

आणि मग तो फलक लागला. केवढा म्हणता, पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत. दुकान बंद होत आहे, सर्व काही विकणे आहे. ह्या शाखेपुरतं नाही, सगळ्याच शाखा. लोक म्हणतायत, चला, स्वस्त मिळणार, आणि मी उभी फलकाखाली, डोक्यात एकच, आता बाबा दुपारी जाणार कुठं? आणि लगेच दुसरं, माझ्या मशीनचं काय होणार? आधी मनात कुठलं आलं ते मला विचारू नका. बाबा त्या रात्री निम्मं जेवण ताटात टाकून उठले. म्हणाले, "सगळंच विकणार म्हणतात. पडदेसुद्धा." आणि जाऊन पडले.

तेव्हा मी ठरवलं. ती खुर्ची आणायची. तीच. आमच्या गॅलरीत बरोबर मावते, मी टेपनं माप घेऊन आले होते, समोर रस्ता आहे, माणसं आहेत, थंड हवा नाही पण पंखा लावू. बाबा दुपारी तिथं, मी इथं, मधे दार. मी ह्यांना सांगितलं, उद्याच्या उद्या जाऊन खुर्ची घेऊन या.

आता आमचे हे. हे लिफ्ट दुरुस्त करतात. वीस वर्षं ह्यांचं काम काय, तर खाली उभं राहून वर बघायचं आणि लिफ्ट उतरायची वाट बघायची. त्यामुळं ह्यांच्या स्वभावातच ते मुरलंय. दुकानात आले, खुर्चीचा टॅग उलटसुलट करून बघितला, त्यावर तीस टक्के सूट, आणि ओठ असे दाबून मला म्हणाले, "थांब. अजून उतरेल."

मी म्हटलं, अहो, जाईल. "कुठं जातेय? एवढी महाग खुर्ची तीस टक्क्यांत कोण घेतो? थांब, अजून उतरेल." आणि त्या दिवशी आम्ही काय घेऊन आलो, तर चाळीस टक्क्यांत मिळाल्या म्हणून सहा बाथरूमच्या चपला. सहा. घरात माणसं तीन. हे म्हणाले, पाहुणे येतात. आमच्याकडं पाहुणे एकाच वेळी बाथरूमला जातात का हो? मला हवी होती एक खुर्ची.

पंधरा दिवसांनी पन्नास टक्के झाले. मी पदर खोचून तयार. हे म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? आता पन्नासवर आलंय म्हणजे सत्तरवर येणार." पण मनातून तेही घाबरले होते, कारण आजूबाजूचे सोफे भराभर चालले होते. मग आमच्या ह्यांनी शक्कल काढली. खुर्ची लपवायची. हो, भर दुकानात. आणि हसू नका, तिथं सगळेच लपवत होते, भांड्यांच्या कपाटात कुणी इस्त्री ठेवलेली, पडद्यांच्या गठ्ठ्यात कुणाचा मिक्सर, प्रत्येकजण आपापला माल पुरून ठेवून पुढच्या आठवड्याची वाट बघतोय. आम्ही दोघांनी खुर्ची ढकलत कोपऱ्यात नेली, तोंड भिंतीकडं केलं, वर अकरा उशा रचल्या आणि त्यावर एक गालिचा टाकला. मला तर धाप लागली. हे म्हणाले, आता हिला ब्रह्मदेवसुद्धा शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रह्मदेव दीड वाजता पोचले. बाबांनी काय केलं माहितेय? उशा उतरवल्या, गालिचा घडी करून बाजूला ठेवला, वॉचमनला हाताशी घेऊन खुर्ची परत खिडकीत आणली, आणि नॅपकिननं पुसून लख्ख केली. संध्याकाळी आम्हालाच सांगतात, "अरे, कुणी गाढवानं खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. गिऱ्हाइकाला दिसायला नको?" हे माझ्याकडं बघतात, मी ह्यांच्याकडं बघते. हे असं तीनदा झालं. आम्ही रविवारी लपवायची, बाबांनी सोमवारी मांडायची.

ती वरची विक्रेती मुलगी, गुणाची पोर, मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, घेऊन टाका. दिवसातून चार जण विचारतात हिला." मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्या असंच म्हणणार, त्यांना विकायचं असतं." तिनं ऐकलं. म्हणाली, "काका, मला महिनाअखेर नारळच मिळणारे. तुम्ही घेतली काय, न घेतली काय, मला काय मिळणार?" हे जरा वरमले. पण घेतली? नाही. त्या दिवशी एक पुतळा घेतला, कपडे घालून उभा करतात तो, बिनडोक्याचा. आता तो माझ्या कामाला येतो, ते सोडा. बाबांनी मात्र त्याला एकदा मागून बघितलं, एकदा पुढून बघितलं आणि म्हणाले, "ह्याला मानही नाही, केसही नाहीत, ह्याच्याशी बोलणार काय?" आणि मला हवी होती एक खुर्ची.

सत्तर झाले. मी म्हटलं, आज. हे म्हणाले, "आता तर अजिबात नको, शेवटच्या दिवशी ऐंशी होणार, वॉचमननं सांगितलंय." थांब, अजून उतरेल. मी म्हटलं, अहो, उतरून उतरून तळाला गेली, आता काय जमिनीखाली उतरणारे? दोन दिवस मी बोलले नाही ह्यांच्याशी. ह्यांना कळलंच नाही. बाबांना कळलं. म्हणाले, "सूनबाई, मान आखडलीय तुझी. भांडलीस का?"

आणि आला शेवटचा दिवस. काय सांगू तुम्हाला, दुकान कुठलं ते, पाखरं पडलेलं शेत. फळ्या विकल्या होत्या म्हणून माल जमिनीवर, आरसे विकले होते म्हणून भिंतींवर नुसते चौकोन. आम्ही आत शिरतोय आणि आमच्या डोक्यावर एकजण शिडीवर चढून दिवे काढतोय, कारण दिवे त्यानं विकत घेतलेत, आणि खाली बायका ओरडतायत, अहो थांबा, आमचं रंग बघून होऊ दे. एक जोडपं सामान ठेवायची ढकलगाडीच विकत घेऊन तिच्यात स्वतःचं मूल बसवून निघालं होतं. आणि खुर्ची होती! तुम्हाला खोटं वाटेल, पण खिडकीत, जागच्या जागी, टॅगवर ऐंशी टक्के. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू ह्यांनीच ती घडवलीय.

पण त्या दिवशी नियम होता. मोठी वस्तू असेल तर घरचं एक माणूस वस्तूपाशी थांबायचं, दुसऱ्यानं टॅग घेऊन खाली रांगेत जायचं, पैसे भरायचे, पावती आणून दाखवायची. वस्तू मोकळी सोडली की ज्यानं धरली त्याची, दुकान जबाबदार नाही, दुसरा टॅग लावून देणार. ठीक आहे. आम्ही तिघं होतो, रीतसर मोर्चेबांधणी केली. हे टॅग घेऊन रांगेत. बाबा खुर्चीत. मी बाबांपाशी. ह्यांनी जाताना बाबांना बजावलं, "बाबा, आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही."

"नाही उठत."

"कुणी म्हणालं जरा बघू, तरी नाही."

"अरे, नाही म्हटलं ना. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

हे गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रांग जिन्यापर्यंत आलेली. आणि तेवढ्यात खालून एक बाई वर आली, तिच्या हातात बटणांचं पाकीट. मी सहज विचारलं, कुठं मिळालं? ती म्हणाली, कापडाच्या मजल्यावर, पोतं उघडलंय, ओंजळीनं देतायत. ओंजळीनं! आता तुम्हीच सांगा, मी शिंपीण बाई, ओंजळीनं बटणं देतायत हे ऐकून माझे पाय जागेवर राहतील का? मी म्हटलं, बाबा, आलेच, बसून राहा. आणि गेले. आता हाच तो माझा दोष. लाकडी होती हो, काही शिंपल्याची, चार भोकांची, असला माल आता बघायला मिळत नाही. पाऊण तास लागला. पण बटणं काय आणली, वा.

परत आले, तर खुर्चीत एक बाई.

साठीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला, दोन पिशव्या पायाशी, पाय वर, डोळे मिटलेले. आणि खुर्चीच्या मागं आमचे बाबा. उभे. नॅपकिननं डोक्यापाशीची बाजू हलकेच झटकतायत आणि बोलतायत, अगदी सलूनमधल्या आवाजात, तो आवाज मी सात वर्षांत ऐकला नव्हता. "मान सोडा. अजून सोडा. हं. तुम्ही शाळेत शिकवत होता ना? वह्या तपासून तपासून उजवीकडं कललीय बघा."

बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"मान सांगते, बाई. लिव्हर एक घर मागं घेतो. आता?"

"किती वर्षांनी मान टेकली," बाई म्हणाल्या. आणि असा श्वास सोडला की मला माझ्याच पाठीचं ओझं आठवलं. पण ते नंतर. तेव्हा मी बाबांना खुणा करतेय, डोळे मोठे करतेय, हात करतेय. बाबा माझ्याकडं बघून हळूच म्हणतात, "थांब गं. गिऱ्हाईक आहे."

आणि बाईंनी पिशवीतून फोन काढला आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलीला सांगितलं, "अगं, वर खिडकीजवळ एक खुर्ची आहे, तीपण लिहायला सांग. नाही नाही, मी बसलेच आहे तिच्यात." मी जिन्यावरून धावत खाली. मुलगी काउंटरवर पोचलेली, आणि तिच्या मागं बरोबर चौथे आमचे हे, हातात टॅग आणि खांद्यावर हँगर, कारण रांगेत हाताला लागेल ते घेत घेत आले होते. मी हातवारे करतेय आणि हे मला हँगर दाखवून विचारतायत, आणखी चार डझन घेऊ का? मी पोचेपर्यंत पावती फाटली. हे काउंटरवर आले तेव्हा बिलं करणारा म्हणाला, "साहेब, ही आत्ताच गेली की." आणि मग हे माझ्याकडं वळून विचारतात, मग खुर्ची कुठंय. आता कळलं तुम्हाला?

वर गेलो. ह्यांचा पारा असा चढलेला. "बाबा, तुम्हाला उठू नका म्हणून सांगितलं होतं!"

बाबा गोंधळले. खरंच गोंधळले हो, लहान मुलासारखे. म्हणाले, "अरे, पण समोर गिऱ्हाईक उभं होतं."

"ते गिऱ्हाईक आपलं नव्हतं, बाबा. ते दुकानाचं होतं. आपण स्वतः गिऱ्हाईक होतो."

"असेल. पण उभं होतं," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक उभं असताना मी कधी खुर्चीत बसलोय का?"

हे खांद्यावरचे हँगर सावरायला लागले. तेवढ्यात ती विक्रेती मुलगी मधे पडली, हसत होती आणि डोळ्यांत पाणीपण होतं तिच्या, शेवटचा दिवस ना. म्हणाली, "काका, आजोबा त्या खुर्चीत बसायचेच कुठं? सगळी मिळून सात वर्षांत तासभर बसले असतील. दिवसभर येणाऱ्याला बसवायचे आणि मागं उभे राहून गप्पा मारायचे. ह्या मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्या त्यांनी विकल्यात. आम्ही म्हणायचो, आजोबा, जरा बसा, तर म्हणायचे, बसायला घर आहे."

मी तिथंच जमिनीवर बसले. सात वर्षं मला वाटत होतं बाबा तिथं आराम करतायत. पोटऱ्यांच्या शिरा, टाचा, म्हणून मी त्या खुर्चीसाठी जिवाचं रान केलं, गॅलरी मोजली, ह्यांच्याशी अबोला धरला, आणि ह्या माणसाला खुर्ची नकोच होती. मला माझाच राग आला आणि बाबांचं इतकं वाईट वाटलं की बटणांचं पाकीट हातातच राहिलं. कारण खुर्ची विकत मिळते हो. समोर येऊन उभं राहणारं गिऱ्हाईक कुठून आणणार?

मग ती खुर्ची चालली. दोन हमालांनी उचलली, मागं बाई, आणि बाईंच्या मागं बाबा, जिन्यावरून सूचना देत, "लिव्हर वरच्या अंगाला घ्या, भिंतीला घासेल." दारापर्यंत पोचवून, काही अडलं तर या म्हणून घरचा पत्ता सांगून आले. मला वाटलं आता रडतील. आणि परत येताना बिलाच्या काउंटरपाशी थबकले. तिथं भिंतीला लागून एक तीन खुर्च्यांची जोडलेली रांग होती, लोखंडी, जाळीची, लोक पावतीची वाट बघत बसायचे ती. बाबांनी ती हलवून बघितली. मॅनेजर तिथंच डोकं धरून बसले होते, त्यांना विचारलं, "हे पण विकणे आहे?"

"आजोबा," मॅनेजर म्हणाले, "मी सोडून सगळं विकणे आहे."

बाबांनी खिशात हात घातला. ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "बाबा, थांबा, संध्याकाळपर्यंत अजून उत..." बाबांनी फक्त बघितलं ह्यांच्याकडं. मॅनेजरांनी जो आकडा सांगितला तो मोजून दिला, एक शब्द घासाघीस नाही. मी म्हटलं, बाबा, हे कशाला? ही काय बसायची खुर्ची आहे? तर म्हणतात, "अगं, माझ्या दुकानात कटिंगची खुर्ची एक होती आणि बाक एक होता. कटिंगला येणारं माणूस महिन्यातून एकदा यायचं. बाकावर येणारं रोज यायचं."

ती रांग आम्ही तिघांनी उचलून घरी आणली, आणि येताना दम लागला म्हणून बस थांब्याजवळ खाली ठेवली, तर एक गृहस्थ आले, निवांत बसले आणि त्यांनी पेपर उघडला. ह्यांनी त्यांना उठवायला हात पुढं केला, बाबांनी तो धरला. दहा मिनिटं आम्ही तिघं रस्त्यात उभे, त्यांची बस येईपर्यंत. बाबांचा चेहरा काय फुललेला. मी ह्यांना म्हटलं, बघून घ्या, असा चेहरा ऐंशी टक्क्यांत मिळत नाही.

आता पुढचं थोडक्यात. गॅलरीत ती मावली नाही. माप मी एका खुर्चीचं घेतलं होतं, ही तीन. मग कुठं ठेवली, तर पुढच्या खोलीत, माझ्या मशीनसमोर, दुसरी जागाच नाही. पहिल्या दुपारी वॉचमन आला, त्याला नवी नोकरी लागलीय, पण रात्रपाळी, दुपारी झोप येत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाई आल्या, लिव्हर अडकतोय म्हणून विचारायला, आणि बसल्या त्या साडेपाचपर्यंत. मग आमच्या इमारतीतले, वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर, जे दहा वर्षांत जिन्यात ओळखीचं हसले नव्हते, ते आले, आणि त्यांची मान डावीकडं का दुखते ते बाबांनी त्यांना मागूनच सांगितलं. तिघं बसलेले, बाबा उभे, खांद्यावर नॅपकिन. माझ्या मापाच्या बायका आता मुद्दाम तासभर आधी येतात, नंबर लावून बसतात, आणि एकीनं तर भांग बदलला, छान दिसतो हो तिला. कामपण वाढलं, खोटं कशाला बोलू. आणि बाबा रात्री ताट साफ करतात.

फक्त काल काय झालं, चार माणसं आली. खुर्च्या तीन. बाबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, माझ्या खालचं मशीनचं स्टूल अदबीनं काढून घेतलं, झटकलं आणि चौथ्याला म्हणाले, "या, बसा." मग माझी आठवण झाली असावी. म्हणाले, "सूनबाई, तुला लागणार होतं का?"

मी म्हटलं, नको बाबा, बसू दे त्यांना. आता दुपारी मी शिवत नाही. दुपारी मी नुसतं कापड बेतते, ते काम उभ्यानंच करायचं असतं.